स्टेपनीतली हवा

आप्पांची मॉरिस मायनर दुरुस्तीसाठी खोलली तेव्हा चार चाकं, एक स्टेपनी, सातशे बारा नट-बोल्ट आणि एक श्वास निघाला. श्वास स्टेपनीत होता. बाकीची चाकं हवा जाऊन चपटी झाली होती. स्टेपनी मात्र टणक होती आणि मिनिटाला चौदा वेळा फुगून खाली बसत होती. तुलनेसाठी मी शेजारी स्टुलावर बसलेल्या आईचे श्वास मोजले. सतरा भरले.

"आंबा घाटात पंप मोडला, तेव्हा ह्यांनी तोंडानं भरलेली," आई म्हणाली. "परत लावायची वेळच आली नाही."

आप्पांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

मी वाल्ववर गेज टेकवलं. बावीस पौंड. गेज काढताना फुस्स झालं आणि आप्पांचा आवाज म्हणाला, "पाना."

एका रीडिंगवर विसंबायचं नाही, ही माझी प्रयोगशाळेतली सवय. मी आणखी दोन घेतली. साडेएकवीस. "डिकीत." एकवीस. "नाही." वहीत सरासरी लिहिली, साडेएकवीस.

दस्तगीर मिस्त्री चाळीस वर्षं उद्यमनगरात गाड्या खोलत आले होते. रॉकेलमध्ये हात धूत ते म्हणाले, "पोरी, हवा चेक करतीस का सोडतीस? दर टायमाला अर्धा पौंड जातोय."

"मग शब्द किती उरले?" आईनं विचारलं.

"एक्केचाळीस," मी वहीत भागाकार करून सांगितलं.

आईनं स्टूल स्टेपनीजवळ ओढलं. "ह्यांनी मला जन्मात नावानं हाक मारली नाही. सगळं अगं आणि ऐकलंस का. आत असलं नाव तर बघू की."

त्यानंतर गाडी जुळत गेली आणि स्टेपनी उतरत गेली. रोज दुपारी चहा झाला की आई म्हणायची, "मोज की, वैजू." इंजिन बसवलं त्या आठवड्यात "दगड", "लाव", "चाकाला" असे शब्द निघाले. हिरवा रंग मारला तेव्हा "ऊन". दाराच्या खांबातून बाहेर येणारा इंडिकेटरचा हात पुन्हा हलायला लागला, तेव्हा "तहान". आई प्रत्येक शब्दाला उत्तर द्यायची. दगड लावलाय. पाणी आणलंय. मग स्टेपनीला कान लावून बसायची.

"ऐकूच जात नाही बघ ह्यांना," ती म्हणायची.

दाब उतरला तरी श्वास चौदाच राहिले.

गाडी तयार झाली त्या दिवशी काटा एक पौंडावर होता. मी गेज काढलं.

"अगं," आप्पा म्हणाले.

"ओ," आई म्हणाली.

आता अर्धा पौंड उरला होता. मिस्त्रींनी हातात नवी ट्यूब धरली होती. "वहिनी, ही बदलू द्या. शिळ्या हवेवर कोण घाट चढत न्हाई."

"एक मोजणी शिल्लक आहे," मी म्हणाले. "कदाचित नावच असेल."

"असू दे. गेज खाली ठेव." आई स्टुलावरून उठली आणि स्टेपनीपाशी गुडघ्यांवर बसली. "माणूस हाका मारतोय आणि आपण नुसतं ऐकत बसायचं? हितनं ओ दिली तर पोचत नाही."

तिनं वाल्वला ओठ लावले.

मी गेज फडक्यानं पुसून डबीत ठेवलं. मिस्त्रींनी ट्यूब खुंटीला अडकवली. एवढ्या वेळात जमिनीवर आईची साडी उरली होती, आणि साडीवर तिचा चष्मा.

मिस्त्रींनी अंगठ्यानं स्टेपनी दाबून पाहिली. अंगठा आत गेला नाही.

"मोज की," ते म्हणाले.

मी डबी उघडली नाही. मनगटावरचं घड्याळ पुढे धरलं आणि पूर्ण एक मिनिट स्टेपनीकडे बघत उभी राहिले.

"किती?"

"एकतीस."