थवा जिथे उतरू पाहत होता

सुभाषने तळ्याच्या बर्फात सहावं भोक पाडलं, आत पट्टी घातली आणि म्हणाला, "पाच इंच. सगळीकडे पाच."

१९८६ सालचा जानेवारी. पार्सिपनी या अमेरिकी गावाहून तासाभरावरच्या तळ्यावर दोघं उजाडताच आले होते. सुभाष बर्फाखालचे मासे धरायला, त्याच्या ऑफिसातला प्रताप बदकं मारायला. काठच्या वाळक्या गवतात दबा धरून प्रतापने एक टिपलंही, पण ते दूर बर्फावर जाऊन पडलं.

"आणू का, यार?"

"जा की. पाच इंचांवर माणूस आरामात चालतो. का, पुणेकरांचं वजन जास्त असतं?"

"नागपूरकरांच्या बढायांपेक्षा कमीच!" प्रताप हसत निघाला.

तो साठेक पावलं गेला असेल, तोच बदकांचा थवा आला. प्रतापच्या पुढ्यात खाली झेपावला, पाय पुढे काढले आणि ऐनवेळी वर उठला. पुन्हा फेरी, पुन्हा नेमकी तीच जागा.

सुभाषला मौज वाटली. कोरड्या बर्फावर ही पाखरं पाणी का शोधताहेत? मग उमगलं. कालपर्यंत तिथे पाणी होतं! बदकांनीच पोहून पोहून ते उघडं ठेवलेलं. रात्री त्यावर नुसती साय धरली आणि भुरभुरत्या हिमाने सगळं सारखं पांढरं करून टाकलं. त्याची सहाही भोकं काठालगतची होती.

"प्रताप! मागे फिर!"

प्रताप जागीच उकिडवा बसला. थवा डोक्यावर असला की शिकारी असाच निश्चल होतो. त्याने पाठीमागे फक्त पंजा हलवला : गप्प.

सुभाषने पहार उचलून रिकाम्या बादलीवर हाणली. थवा उधळला. प्रताप संतापून उभा राहिला.

"अरे, वेड लागलं का तुला—"

त्याच्या पायाखाली बर्फ कडाडला.

"आडवा हो! पोटावर! बंदूक सोड!"

या वेळी त्याने ऐकलं, तरी डावा पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेलाच. सुभाषने सामानाच्या घसरगाडीची दोरी सोडली आणि सरपटत, पहारीने ठोकून बघत, ठोका भरीव येत होता तिथवर गेला. दोन फेकी हुकल्या. तिसरी प्रतापच्या मुठीत बसली.

काठावर प्रतापचे दात वाजत होते. "पाच इंच म्हणालास."

"जिथे मोजलं तिथे पाच. बाकीचं ठोकून दिलं. चुकलो रे."

प्रतापने ओला पाय पुढे केला.

"आधी बूट ओढ."