फुंकरीचा फोड

सातवा महिना लागला आणि चिमणीच्या खालच्या ओठाला जर फुटला. आधी नुसती चुणचुण झाली, मग पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा झुबका उठला. चिमणी हे तिचं माहेरचं नाव. चष्म्याच्या दुकानात तिला सगळे बाई म्हणत. त्या दिवशी बाईंनी तोंडाला रुमाल धरूनच गिऱ्हाइकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली.

डॉक्टरीणबाईंनी ओठ निरखून पाहिला. "याआधी कधी आला होता असा?"

"नाही."

"लहानपणी? नीट आठवा. जुना असेल तर अंगात त्याच्याशी झुंजायची ताकद असते, ती बाळालाही मिळते. पहिलाच असेल तर मला तुमच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागेल."

"नाही हो, आमच्याकडे असलं काही नव्हतं."

डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं, रक्त तपासायला सांगितलं. वाटेत चिमणीच्या मनात एकच गोष्ट सलत राहिली. लक्ष ठेवावं लागेल म्हणजे बाळाला काहीतरी होऊ शकतं.

"लक्ष ठेवलेलं बरंच की," नवरा म्हणाला.

"तुमचं काय जातंय बोलायला. पोट माझं आहे."

"पोट तर मलाही आहे," त्याने शर्टावरून हात फिरवला. तिला हसू आलं नाही.

आई असती तर तिला विचारलं असतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. उरले बाबा. त्यांना आपल्या पोरीची इयत्ता कधी सांगता आली नव्हती, ते काय सांगणार? तरी सुट्टीच्या दिवशी ती गेली.

बाबा बासऱ्या करत. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत बिऱ्हाड. जमिनीवर बांबूचा भुसा, कोनाड्यात भोकं पाडायच्या सळया, आणि सगळीकडे तेलाचा वास. त्या घराचा एक नेम होता. घरच्या माणसाने ओठाला लावून वाजवल्याशिवाय एकही बासरी बाहेर जायची नाही. शाळेतून आल्यावर ते काम चिमणीचं.

बाबांनी घासकागद थांबवून वर पाहिलं. "का गं, पुन्हा फुंकायला बसलीस की काय?"

"मी कशाला फुंकू?"

"मग हा फुंकरीचा फोड कुठून आला?"

चिमणी दारातच उभी राहिली. तिला सगळं आठवलं. थंडीत बासऱ्यांची मागणी वाढायची, रोज ढीगभर वाजवून बघायच्या, आणि तिचा ओठ असाच फुटायचा. बाबांचा फुटायचा, आजोबांचा फुटायचा. सुताराच्या हाताला घट्टे पडतात, तसा आपल्या ओठाला फोड, असं घरात सगळे धरून चालले होते. त्याला आजार कोण म्हणणार?

"पोरीचा ओठ पिकलाय, आता हिला हात लावू द्यायचा नाही बासरीला," आई बाबांना दटावायची. बोटाने ओठावर लोणी लावायची आणि झोपताना कपाळाचा पापा घ्यायची. मग चिमणीला सुट्टीच. उन्हात पाय पसरून ती उंबऱ्यावर बसे. आत बाबा एकटे वाजवत आणि आई भाजी निवडता निवडता त्यांचा चुकलेला सूर धरून देई. वर्षातले तेच तिचे सगळ्यात सुखाचे दिवस होते.

चिमणी रडू लागली.

"दुखतंय का?" बाबा घाबरले.

"नाही. जुना आहे हा, बाबा. जुनाच आहे." मग तिने त्यांना सगळं समजावलं. फोड फुंकण्याने होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागतो.

बाबा हातातल्या बासरीकडे बघत राहिले. "म्हणजे मीच दिला तुला."

"आणि तुम्हाला आजोबांनी. तक्रार कुठं नेणार आता?"

ही हकीकत ऐकून आणि रक्ताचा अहवाल बघून डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे टेकून हसल्या. "मग तुमच्या बाळाची काळजी मिटली म्हणायची. मलम लावा, फोडाला हात लागला तर धुवा. दिवस भरत आल्यावर अंगावर कुठेही असं काही उठलं तर लगेच सांगा. आणि बाळ झाल्यावर ज्याच्या ओठाला असा फोड असेल, त्याने जवळ यायचं नाही, मुका तर मुळीच नाही. तान्ह्या जिवाला ते सोसत नाही."

मुलगी झाली. बाबा आले ते दारातच थांबले. काळजीने जागून जागून त्यांचा ओठ फुटला होता.

"इथूनच बघतो," ते म्हणाले.

चिमणीने बाळ त्यांच्याकडे तोंड करून धरलं. बाबांनी हात मागे बांधले आणि ते मिटल्या तोंडाने हळूच एक चाल गुणगुणायला लागले. बाळ डोळे मिचकावत राहिलं.

"तुम्हाला गाता येतं, हे माहीत नव्हतं मला."

"गाता तुझ्या आईला यायचं," बाबा म्हणाले. "मी आपला तिच्या मागून फुंकायचो."