तव्याकडे पाठ

"ही बेकनची पट्टी आहे की पेन्सिल? हिनं सही करता येईल," नाश्त्याला आलेला होबार्ट माझ्या कानाशी पुटपुटला. मोठ्यानं बोलायची त्याची छाती नव्हती. तव्यापाशी माझे सासरे व्हर्जिल, आम्हा सगळ्यांचे पॉप, उभे होते.

आमच्या बंबखान्यात, आगीचे बंब ठेवतात तिथं, महिन्याच्या पहिल्या शनिवारी गावाचा नाश्ता असतो. बेकन, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पातळ पट्ट्या, एकतीस वर्षं पॉपच करतात, तेही तव्याकडे पाठ करून. लोकांकडे तोंड, हातात उलथनं, कुणाच्या तरी हट्टी गायीची गोष्ट रंगात आलेली. आणि मध्येच गर्रकन वळून पट्ट्यांची अख्खी रांग पलटायची. नेमकी. सगळ्या केंटकी राज्यात तसं बेकन नव्हतं. नवीन लग्न होऊन आले तेव्हा मी विचारलं होतं, "पॉप, न बघता कळतं कसं?"

"तेच ओरडून सांगतं की! आधी आतलं पाणी तडतडतं. ते संपलं की आवाज बारीक होतो, नुसती चुरचुर. पाणी आहे तोवर ते उकडतंय, पोरी. भाजणं त्यानंतर."

शाळेतल्या विज्ञानानं मला एवढं कधी शिकवलं नव्हतं.

गेल्या वर्षापासून मात्र पट्ट्या करपायला लागल्या. पॉपनी आधी डुकराला दोष दिला, मग तव्याला. मग घरी प्रयोग सुरू झाले. थंड तव्यावर पट्ट्या मांडून मंद आच. एकदा तर पट्ट्या बुडतील इतकं पाणी. ते आटेपर्यंत चरबी सुटते आणि पट्टी आपल्याच चरबीत निवांत तळली जाते. शेजारी वही, घड्याळ आणि चाखायला मी. काय एकेक पट्टी! कडेला कुरकुरीत, मध्ये किंचित चिवट.

"बघितलंस? सगळा पाण्याचा खेळ," ते म्हणायचे. मी मान डोलवायची. घरी ते तव्यावरून नजर हलवत नव्हते, तेही मी बघितलं होतं.

बंबखान्यात पाणी घालूनही करपलंच. माझी नणंद आर्डिथ म्हणाली, "पुढच्या वेळेपासून ओव्हनमध्ये ट्रे लावू. पॉपना कॉफी ओतायला बसवू."

कॉफी ओतायला! त्यापेक्षा त्यांना बंबाखाली झोपवलं असतं तरी चाललं असतं.

"पण त्यांना सांगणार कोण?" तिनं विचारलं. जो तो आपापल्या बशीत बघायला लागला.

"मला एक शनिवार दे," मी म्हटलं.

त्या शनिवारी मी अंडी फोडायच्या निमित्तानं पॉपशेजारी उभी राहिले. त्यांनी तव्याकडे पाठ केली, गोष्टीतली गाय कुंपणापर्यंत आली. मागं तडतड बारीक झाली तसं मी त्यांना कोपरानं हळूच ढोसलं.

ते बोलता बोलता थबकले. माझ्याकडे पाहिलं नाही. वळले, रांग पलटली. सोनेरी!

दुसऱ्या खेपेलाही तसंच. तिसऱ्या खेपेला त्यांनी आपलं कोपर आपणहून माझ्याकडे सरकवलं.

होबार्ट दुसऱ्यांदा रांगेत आला आणि थेट तव्यासमोर येऊन ओरडला, "व्हर्जिल, आज डुक्कर कुठून आणलंस रे?"

सगळे हसले. पॉप हसले नाहीत. त्यांनी उलथनं खाली ठेवलं.

"डुक्कर तेच. तवाही तोच," ते म्हणाले. "मला ती चुरचुर ऐकूच येत नाही, होबार्ट. आज कान हिचे होते."