उदारामची खाच

इंजिनातलं तेल मोजायच्या दांडीवर कंपनीच्या दोन रेघा असतात. तेल त्या दोन रेघांच्या मध्ये असलं, की इंजिन खुशाल. केशोरीच्या उदारामच्या जीपमध्ये जी दांडी होती, तिच्यावर मात्र एक तिसरी खूण होती. खालच्या रेघेच्याही खाली, कानशीनं घासून केलेली खाच. ती उदारामनं स्वतःच्या हातानं केलेली होती आणि तिच्याच भरवशावर त्यानं अख्खी उमर अर्जुनीच्या रस्त्यावर सवाऱ्या वाहिल्या. बाजारची माणसं, धानाची पोती, नवरदेव, दवाखान्याचे रोगी. त्याची जीप कधी वाटेत बसली नाही.

ती जीप राहायची तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधाच्या उतारावर, नाक खाली करून. तिचा सेल्फ कधीचाच मेला होता. सकाळी गिअर टाकून उतारावरून सोडली, की खोकत खोकत सुरू व्हायची.

उदारामला ताप चढला आणि उतरलाच नाही. मुलगा खेमराज गोंदियाच्या राईस मिलमध्ये कामाला होता, तो धावत आला. बापाच्या अंगात बोलायची ताकद उरली नव्हती. तरी खेमराजचा हात धरून तो एवढं म्हणाला, "बाबू, गाडी बंद पडू देऊ नोको. तेल खाचेवर ठेवजो. खाच सोडू नोको."

खेमराजनं ते शब्द काळजाशी धरले. मिल सोडली, जीप हाती घेतली. नवी बॅटरी टाकली, सेल्फ बांधून घेतला. आता उताराची गरज काय, म्हणून जीप पाळीवरून हलवून घरापुढच्या सपाट अंगणात आणली.

रोज सकाळी, इंजिन थंड असताना, तो दांडी काढायचा, फडक्यानं पुसायचा, पुन्हा पुरती आत घालायचा आणि मग बाहेर काढून उजेडात धरायचा. रीत अगदी बिनचूक. विहारात वंदना घ्यावी तितक्या मनानं तो हे करायचा. तेल खाचेला टेकलेलं दिसलं, की बापानं पाठीवर हात ठेवला असं त्याला वाटायचं. कमी दिसलं तर खाचेपर्यंत भरायचा, त्याच्यावर थेंब नाही.

बायकोनं, अंजनानं, एकदा ते पाहिलं. "वरतं कंपनीच्या रेघा हायेत ना? तेल त त्याईच्या खाली दिसून राहिलं."

"कंपनीले आपला रस्ता का मालूम?" खेमराज उसळला. "बाबाची गाडी ह्याच खाचेवर चालली. आता तू शिकवशीन का मले?"

मेलेल्या बापाच्या शब्दापुढे जित्या बायकोचा शब्द टिकतो थोडाच!

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला उदारामची जीप दरसाल नागपूरला, दीक्षाभूमीवर जायची. त्या वर्षी पहिल्यांदाच उदाराम नव्हता. माय रुख्मा पांढरं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली, मांडीवर उदारामचा फोटो घेऊन. "त्याईचं दर्शन चुकलं नाई पायजे," एवढंच तिचं म्हणणं. मागे अंजना आणि गल्लीतली माणसं दाटीवाटीनं बसली. टपावर निळा झेंडा लागला.

नवेगाव बांध मागे पडलं आणि इंजिनात टकटक सुरू झाली. खेमराजनं गाडी कडेला घेतली, थोडा वेळ जाऊ दिला, दांडी पुसून पाहिली. तेल खाचेवर.

"तेल बराबर हाये," तो म्हणाला.

"आवाज बराबर नाई," अंजना म्हणाली. "थांबा ना जरा. कोनाले दाखवा."

त्यानं दांडी आत खुपसली आणि गाडी सोडली. फार पुढे जाता आलंच नाही. इंजिन एकदा जोरात कण्हलं आणि जागच्या जागी जाम झालं.

दीक्षाभूमीला निघालेला माणूस दुसऱ्याला रस्त्यावर टाकत नाही. मागून येणाऱ्या गाड्यांनी सगळ्यांना सामावून घेतलं. रुख्मालाही जागा देत होते, पण पोराला सोडून ती गेली नाही. कडेच्या मोहाच्या झाडाखाली फोटो घेऊन बसली. निळे झेंडे लावलेली गाडी समोरून गेली, की हात जोडायची. खेमराजला तिच्याकडे पाहवत नव्हतं.

जीप ओढून गॅरेजात नेली. मेकॅनिक चुन्नीलालनं दांडी हातात घेतली आणि कपाळावर हात मारला. "ये निशान किसने बनाया भाई? इसीने मारा इंजिन को. कम तेल पे दौडाई है गाडी."

केशोरीत मोबाईलचा टॉवर नुकताच उभा राहिला होता. जीप यायच्या आधी ते वाक्य गावात पोचलं. उदाराम कसला ड्रायव्हर, नशिबानं चालली त्याची गाडी, असं पानठेल्यावर लोक बोलू लागले. उचलली जीभ, लावली टाळ्याला! ज्यांच्या बायका बाळंतपणाला त्याच जीपमधून वेळेवर पोचल्या होत्या, तेही बोलले. खेमराज कुणाशी भांडला नाही. भांडणार कोणत्या तोंडानं? त्याच्याही मनात तेच येत होतं. बापानं मरता मरता चुकीची गोष्ट सांगितली. बाप गेल्याचं दुःख त्यानं सोसलं होतं, बाप खोटा ठरल्याचं त्याला सोसवेना.

इंजिन बांधून आलं तोवर धानाची कापणी उरकली होती. जीप पुन्हा सपाट अंगणात उभी, वरच्या रेघेपर्यंत तेल भरलेलं. खेमराज कानस घेऊन ओट्यावर बसला आणि दांडी गुडघ्यावर आडवी धरली.

रुख्मा दारात आली. "का करून राहिला रे?"

"बाबाची खाच मिटवून राहिलो. खोटी होती ते."

रुख्मानं त्याच्या हातातली कानस हिसकून घेतली. "खोटी? खाच केली तवा फडकं धरून मी उभी होती. गॅरेजातून तेल वरच्या रेघेवर भरून आनलं, गाडी तलावाच्या पारीवर ठेवली. सकारी पाह्यलं त तेल खाली! तवा तुये बाबा म्हनले, गाडीचं नाक खाली हाये, तेल समोर जमा होते, दांडी मांगं हाये. पारीवर येथवर दिसलं म्हंजे पुरं. मंग घासली खाच."

खेमराजनं दांडी ओट्यावर ठेवली. "माय, मले सांगितलं काऊन नाई?"

"तू इचारलं काऊन नाई? मले वाटलं, बापानं तुले सांगितलं असन."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. गाडी त्यानं अंगणात आणली होती, आणि पाळीची खाच तिच्यासोबत आणली होती.

त्यानं त्याच संध्याकाळी जीप पाळीवर नेली, बाप लावायचा तिथे, नाक खाली करून. रात्रभर तिथेच ठेवली. सकाळी तिघंही गेली. फडकं रुख्माच्या हातात होतं. खेमराजनं दांडी काढली, पुसली, आत घातली, पुन्हा काढली. पण स्वतः पाहायची त्याची हिंमत झाली नाही. त्यानं ती अंजनापुढे धरली.

"तू पाह्य. आन जे दिसते तेच सांग."

अंजनानं दांडी उजेडात फिरवली. "खाचेवर हाये," ती म्हणाली. "ना वर, ना खाली."

खेमराज चाकाला टेकून खाली बसला आणि लहान लेकरासारखा रडला. रुख्मानं त्याला रडू दिलं. मग दांडी पुसून तिच्या जागी घातली आणि लुगड्याला हात पुसले.

"उठ बाबू," ती म्हणाली. "त्याईले नागपूरले न्याचं राह्यलं हाये."