बिनकागदाची बंदूक

बंदूक आपणहून जमा करायला निघालेल्या माणसाला इतका ताप द्यायचा असेल, तर लोकांनी ती माळ्यावर कुजत का ठेवू नये, असं तिने हवालदाराला तिसऱ्या फेरीत तोंडावर विचारलं. पहिल्या दोन फेऱ्या ती गोड बोलली होती आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता.

ती शाळेची बस चालवायची. आठ दिवसांपूर्वी पोलीस ठाण्याबाहेर पत्रक लागलेलं तिने पाहिलं होतं: ज्यांच्याकडे मालकीचा कागद नसलेली हत्यारं असतील त्यांनी महिनाअखेरपर्यंत जमा करावीत, गुन्हा दाखल होणार नाही. घरी माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली एक होतीच. बाबा फळबागेचे राखणदार. वानरं हाकलायला म्हणून तीस वर्षांपूर्वी त्यांनी ती कंपाउंडरकाकांकडून, म्हणजे आपल्या जिगरी दोस्ताकडून, रोख पैसे मोजून विकत घेतली होती. कागद? छे! दोस्तीत कसला कागद! आई तेव्हापासून कानीकपाळी ओरडत होती, पण ऐकतील तर ते बाबा कसले. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि हे लचांड मागे राहिलं. बसचालकाला दरवर्षी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो. एक गुन्हा नावावर आला की नोकरी गेली, आणि मायलेकींचं घर त्याच नोकरीवर चाललेलं.

"बंदूक आणलीत?" हवालदाराने विचारलं.

"परवा तुम्हीच म्हणालात ना, परवान्याशिवाय रस्त्याने आणली तर आत टाकीन म्हणून?"

"बरोबर आहे. मग आणायचा परवाना काढा."

"द्या ना मग!"

"त्याला बंदुकीचा कागद जोडावा लागतो."

"अहो दादा, कागद नाही म्हणून तर जमा करायची आहे! कागद असता तर मी इथे कशाला झक मारायला आले असते?"

हवालदाराने पेन कानावर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघितलं. नियम काही त्याने केलेले नव्हते, असं तो म्हणाला. आतल्या साहेबांच्या कानावर हा आरडाओरडा गेला, तेव्हा कुठे दोन शिपाई तिच्याबरोबर घरी आले आणि गोणपाटासकट बंदूक घेऊन गेले. तिला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं जेमतेम तासभर टिकलं. साहेबांचा फोन आला: बंदुकीचा नंबर चोरीच्या यादीत आहे, आणि चोरीच्या मालाला ती सवलत लागू नाही. तक्रार कोणाची? कंपाउंडरकाकांची!

ती तशीच ताडताड काकांच्या घरी गेली. काका व्हरांड्यात शेंगा सोलत बसले होते. तिला बघून ते हसले, आणि तिचा चेहरा नीट दिसल्यावर हसायचे थांबले.

"काका, बाबांना विकलेली बंदूक चोरीला कधी गेली हो?"

काकांनी बरेच आढेवेढे घेतले, मग एकदाचं सांगितलं. परवाना त्यांच्याच नावावर राहिला होता. दर तीन वर्षांनी तपासणी आली की बाबा बंदूक पुसूनबिसून, तेल घालून दोन दिवसांसाठी काकांना द्यायचे. काका ती ठाण्यात दाखवायचे आणि परत आणून द्यायचे. बाबा असेपर्यंत हा कारभार बिनबोभाट चालला होता आणि दोघांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"मग गेल्या वेळी मागायचीत ना!"

"तुझे बाबा नुकतेच गेलेले, पोरी. तुझ्या आईच्या दारात कुठल्या तोंडाने बंदूक मागू?"

"म्हणून चोरीला गेली असं लिहून दिलंत? ती कुठे आहे ते पक्कं माहीत असताना?"

"फॉर्मवर तीनच रकाने होते. जवळ आहे, विकली, चोरीला गेली. विकली म्हणावं तर विनापरवाना विकली म्हणून मीच अडकतो. या वयात मला तुरुंग बघायला लावतेस का?"

तिला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. पण काका खोटं बोलले ते भीतीपोटी, हे तिला दिसत होतं, आणि त्यामुळे धड भांडताही येत नव्हतं. ती त्यांना जवळजवळ ओढतच ठाण्यात घेऊन गेली.

साहेब माणूस वाईट नव्हता. दोघांचं ऐकून त्याने खुर्ची पुढे ओढली. "हे मी ऐकलंच नाही असं समजा. हे कागदावर आलं तर काकांवर दोन गुन्हे, आणि चौकशी संपेपर्यंत बाई, तुमचा दाखला अडकला. वर्ष, दोन वर्षं, सांगता येत नाही. सोपं सांगू? लिहून द्या की बंदूक वडिलांनी चोरून आणली होती. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही. फाईल आजच बंद."

"कुठून आणली ते माहीत नाही असं लिहिते ना."

"मग तपास चालूच राहणार. फाईल बंद व्हायला चोर लागतो."

तिने काकांकडे पाहिलं. आता तरी हा माणूस काही बोलेल, निदान "नको" एवढं तरी म्हणेल. काका म्हणाले, "त्याची ना नसती गं. दोस्तीसाठी त्याने एवढं केलंच असतं."

सोमवारी दाखल्याची मुदत संपत होती. तिने लिहिलं. 'चोरून' हा शब्दही लिहिला, आणि साहेबाने त्याचीच शिक्का मारलेली प्रत पावती म्हणून तिच्या हातात दिली. काका म्हणाले, "शहाणी आहेस." ती म्हणाली, "काका, आमच्या घरी परत येऊ नका."

घरी आई दारातच उभी होती. "पावती दिली का? दाखव बाई. तीस वर्षांत त्या बंदुकीचा एक कागद झाला, तो तरी डोळ्यांनी बघू दे."

"मिळाली. कशाला बघायची?"

"दाखव म्हटलं ना!"

आईने चष्मा लावला. कागद खिडकीपाशी नेला, ओळीवर बोट ठेवून वाचला, मग परत पहिल्यापासून वाचला.

"हे कोणी लिहिलं?"

"मी. नोकरी गेली असती, आई."

आता आई आपल्याला फोडून काढणार, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. आईने कागदाची घडी घातली आणि रिकाम्या माळ्याकडे वळून ती ओरडली, "किती वेळा सांगितलं तुम्हाला, कागद करा, कागद करा! ऐकलंत एकदा तरी? घ्या आता, चोर म्हणवून घ्या पोटच्या पोरीकडून!"

आई रडत होती आणि बोलत होती, थांबायचं नाव घेत नव्हती. लिहिणारी ती होती, आणि बोलणी बाबा खात होते.