उभ्या गाडीचा ड्रायव्हर

"चाचा, ते कापड काढा आधी," मी खालून म्हणालो.

कय्यूमचाचा काही कापड काढेनात. गाडीच्या टपावर शाळेच्या पाटीएवढी एक निळसर काच बसवली होती, आणि ऊन लागून ती तडकू नये म्हणून चाचांनी तिच्यावर आपला धुतलेला रुमाल अंथरला होता. एवढ्या उन्हात चीज उघडी ठेवली तर खराब नाही का होणार, असं त्यांचं म्हणणं. उन्हावर चालणाऱ्या वस्तूला उन्हापासून जपणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. मी हसत सुटलो. मग चाचाही हसले, रुमाल खिशात घातला, आणि आपण आंब्याच्या सावलीत गाडी लावलीय हेही त्यांच्या लक्षात आलं. लगेच गाडी काढून त्यांनी उघड्यावर आणली. सत्तावीस वर्षं सावली शोधून गाडी लावलेला माणूस तो, त्याला हे भलतंच वाटत होतं.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. आलापल्लीच्या पुढे, नदीपलीकडच्या गावांतून आमच्या संस्थेचा फिरता दवाखाना चालायचा. गाडीतच झोपायला दोन फळ्या, हात धुवायची मोरी, औषधांचं कपाट. मी तिचा कंपाउंडर, गुलाब, मूल गावाकडचा. कय्यूमचाचा राजुऱ्याचे, ड्रायव्हर. जूनअखेरीस नदी भरली की डॉक्टर नागपूरला जात आणि गाडी चार महिने जागची हलत नसे. ऑक्टोबरात पाणी उतरायचं, आणि नेमका तेव्हाच हिवतापाचा भर. गाडी तेव्हाच हवी, तर तेव्हाच बॅटरी मेलेली. चिखलात धक्का मारून ते धूड चालू होत नसे. बॅटरी काढा, बैलबंडीत घाला, आलापल्लीला नेऊन चार्ज करून आणा. त्यात दहा-अकरा दिवस जायचेच.

आदल्या साली त्या अकरा दिवसांत गावातल्या झिंगूच्या डोक्यात ताप चढला. त्याला मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं होतं. आम्ही चौघांनी त्याला खाटेवर घालून नेलं, आणि तो वाटेतच गेला. त्याची बायको बुधरी आमच्या गाडीपासून वीस पावलांवर राहायची. ती कधी काही बोलली नाही. बोलले ते चाचाच, तेही एकदाच. "डायवर असून म्या खाट उचलली, गुलाबभाऊ," म्हणाले.

म्हणून या जूनमध्ये नागपूरचा इंजिनीअर ती काच घेऊन आला तेव्हा चाचांना काय झालं ते मला कळत होतं. उन्हातून थोडी थोडी वीज बॅटरीत जाते, गाडी उभी असली तरी बॅटरी मरत नाही, असं त्याने समजावलं. दोन चिमट्यांची वायर, एक छोटं मीटर आणि एक इंग्रजी कागद देऊन तो गेला. त्या दिवसापासून चाचा लहान पोरासारखे झाले. दिवसातून पाच वेळा मीटर पाहायचे. काटा उजवीकडे हलला की गावातल्या दिसेल त्या माणसाला हात धरून आणायचे. लोकही यायचे, काटा पाहायचे आणि मान डोलवायचे. चाचांच्या उत्साहापुढे दुसरं काही करताच येत नसे.

पण चौदा-पंधरा दिवसांनी चाचांनी बॅटरीचं पाणी काचेच्या पिचकारीत ओढून, आतला तरंगा किती वर येतो त्यावरून तिचा जोर पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला. जोर वाढायचा सोडून कमी झाला होता. मी म्हणालो, इंजिनीअरने टोपी घातली. चाचांना ते पटेना. दिवसभर काटा बरोबर चालतो तर माल जातो कुठं, एवढं एकच ते धरून बसले. दुसऱ्या दिवशी जेवायलाही उठले नाहीत, मीटरसमोर मांडी घालून बसून राहिले.

दिवस मावळला. मी भात टाकायला निघालो होतो, तोच त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"पाह्य. काटा पाह्य."

काटा शून्यावर आला, क्षणभर थांबला आणि शून्य ओलांडून डावीकडे सरकला. केसभरच, पण सरकला. चाचांनी चिमटा काढला, काटा शून्यावर. चिमटा लावला, काटा पुन्हा डावीकडे.

"हे दिवसा पाजते अन् रात्री पिऊन घेते," चाचा म्हणाले, आणि एवढ्या जोरात हसले की बुधरी दारात येऊन उभी राहिली.

हा माणूस चौथी शिकलेला. मी धावत जाऊन इंग्रजी कागद पुन्हा वाचला. खरंच, रात्री वीज उलटी फिरू नये म्हणून एक बारीकसा पुर्जा बसवायचा होता, आणि तो पेटीत नव्हता. नदी आता दुथडी भरली होती. पुर्जा येणार कुठून? चाचा म्हणाले, पुर्ज्याची काय गरज, आपण आहोत ना. सांजेच्या, मगरिबच्या नमाजाआधी चिमटा काढायचा, पहाटेच्या, फजरच्या नमाजानंतर लावायचा. तसंही त्या दोन्ही वेळा त्यांनी आयुष्यात चुकवल्या नव्हत्या.

तेव्हापासून आमचे दिवस असे गेले की विचारू नका. पिचकारीतला तरंगा आठवड्याला तांदळाच्या दाण्याएवढा वर चढायचा आणि आम्ही दोघं गूळ वाटायचो. ढगाळ दिवशी चाचा आभाळाला शिव्या घालायचे आणि मग तोबा तोबा करायचे.

ऑगस्टात चाचांनाच हिवताप आला. मी नेमका दुसऱ्या गावी गोळ्या वाटायला गेलेलो, मध्ये नाला भरला आणि अडकलो. तीन दिवसांनी सांजेला परतलो तर चाचा धडपडत गाडीकडे निघालेले, रडकुंडीला आलेले. तीन रात्री चिमटा तसाच राहिला, सगळं गेलं, म्हणत होते. गाडीशी बुधरी उभी होती. चिमटा तिच्या हातात होता.

"गुरं घरी आले का तू काढतं, भाऊ," ती म्हणाली. "मी रोज पाह्यत होती. मंग मीच काढली, सकाळी लावली."

चाचा तिथंच खाली बसले. "बाई, तुह्या घरच्या मानसासाठी मले काई करता नाई आलं," म्हणाले. बुधरीने चिमटा त्यांच्या हातात दिला. त्या दिवसापासून संध्याकाळी चिमटा काढायला दोघंही यायची.

सप्टेंबर संपला तशी चाचांची नोकरीही संपली, वयाप्रमाणे. राजुऱ्याहून नूरीचाचींचं पत्र आलं, डोंग्यातून नदी ओलांडून घरी या म्हणून. मीही म्हटलं, जा. चाचा म्हणाले, पाणी उतरेपर्यंत थांबतो. गाडी पहिल्या दिवशी चालू झाली पाहिजे, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

ऑक्टोबरच्या चौदा तारखेला पाणी गुडघ्यावर आलं. सकाळीच नवा ड्रायव्हर पायी नदी ओलांडून पोचला. श्रीहरी, गडचांदूरचा, पंचविशीतला. चाचांनी नोकरी संपल्यावरही पंधरा दिवस सांभाळलेली किल्ली त्याला दिली. तेवढ्यात रानातल्या पाड्यावरून चौघांनी खाटेवर एक पोरगी आणली, तापाने बेशुद्ध. झिंगूला होता तसाच ताप. बुधरी दारात येऊन उभी राहिली. चाचा डोळे मिटून ओठांत काही पुटपुटत होते.

श्रीहरीने बसून किल्ली फिरवली. गाडी अर्ध्या फेऱ्यात चालू झाली.

मी ओरडलो. खरंच ओरडलो, लाज वाटली नाही. पोरीच्या माणसांना वाटलं कंपाउंडरला वेड लागलं. अकरा दिवसांचा खोळंबा झालाच नव्हता, आणि न झालेला खोळंबा कुणाला दिसत नाही. श्रीहरीलाही दिसला नाही. तो खिडकीतून डोकावून म्हणाला, "लोक तं उगाच भेव दाखवून राह्यले होते. गाडीले काईच नाई झालं. मंग चाचा, तुमी चार महिने इथी करत काय होते?"

मी तोंड उघडलं. चाचांनी माझा दंड दाबला.

"काई नाई बेटा," ते म्हणाले. "बसून होतो."

पोरीला आतल्या फळीवर घेतलं. तिच्याबरोबर आई, बाप, दोन भाऊ. चाचांची पेटी आणि वळकटी केव्हाची बांधून तयार होती, त्यांना याच गाडीने जायचं होतं. पण जागा उरली नाही. आपण मागून पायी येतो, म्हणाले. त्यांनीच मागचं दार बाहेरून लावलं आणि नीट बसलं का ते दोनदा ओढून पाहिलं.

गाडी नदीत उतरली, पाणी कापत पलीकडच्या चढाला लागली. पोरीचं डोकं धरून मी मागच्या काचेतून पाहत होतो. चाचा पायजमा गुडघ्यावर खोचून, डोक्यावर पेटी घेऊन पाण्यात शिरले होते. त्यांच्यामागे वळकटी घेऊन बुधरी.