जानेवारीचे शॉकर

आमच्या मराठी मंडळाची एक पांढरी व्हॅन होती. सहलीला ती कधी नेली नाही, गणपतीची मूर्तीही तिच्यातून कधी आणली नाही. ती फक्त दिल्लीतल्या आपल्या माणसांना घाटावर पोचवायची. चालवायचे आमचे हे, म्हणजे सूर्यकांत. सरकारी बांधकाम खात्यात मेकॅनिकलचे इंजिनिअर. एरवी सरकारी इमारतींचे पंप आणि लिफ्टा बघायचे, आणि कुणी गेल्याचा फोन आला की रजा टाकून व्हॅन काढायचे. अशी एकोणीस वर्षं. माहेरी मी 'समाजकार्य करतात' एवढंच सांगत असे.

व्हॅनचं मागचं दार वरच्या बाजूला उघडायचं. त्याला दोन्हीकडे एकेक काळी नळी असते, आत गॅस कोंडलेला असतो, त्याच्या जोरावर दार वर तोलून राहतं. दिल्लीत त्यांना डिग्गीचे, म्हणजे डिकीचे, शॉकर म्हणतात. आमचे शॉकर कधी निकामी झाले ते कुणालाच कळलं नाही. आम्ही सगळे आर. के. पुरमच्या क्वार्टर्समध्ये होतो तेव्हा कुणी गेलं की तीस-चाळीस पुरुष खाली जमायचे. ज्याला खांदा द्यायला मिळायचा नाही तो दार धरून उभा राहायचा. दार शॉकरमुळे वर राहतंय की हातामुळे, हा प्रश्न पडायचं कारण नव्हतं.

मग क्वार्टर्स सुटली. द्वारकेत सोसायट्या झाल्या, आम्ही सातव्या मजल्यावर आलो, कुणी गुडगावला गेलं, कुणी नोएडाला. मुलं त्याहून लांब गेली. आमची स्वरूपा सिंगापूरला. दार धरणारे हात कमी झाले तेव्हा कळलं की दार राहतच नाही. त्यावर आम्ही एक उपाय काढला. तिरडीच्या उरलेल्या बांबूचा तुकडा टेकू म्हणून लावायचा. आता तिरडीचं काही परत आणायचं नाही, हे तर आपल्याकडे ठरलेलं. म्हणून तो टेकूही चितेवर टाकून यायचा. दर वेळी नवा टेकू, दर वेळी नव्या मापाचा. शिकलीसवरलेली माणसं आम्ही, पण घरून एक लोखंडी दांडी न्यावी हे तीन वर्षांत कुणाला सुचलं नाही.

त्या जानेवारीत पलीकडच्या सोसायटीतल्या भानुमतीबाई गेल्या. सकाळची वेळ, धुकं असं की समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. खांद्याला चौघंच होते: बंगलोरहून आलेला त्यांचा मुलगा अनुराग, हे, सोसायटीचा गार्ड आणि विश्वास. विश्वास मानेसरच्या एका कारखान्यात सुपरवायझर, मंडळातला सगळ्यात तरुण सभासद, वय एक्केचाळीस. दार धरायला पाचवं माणूस नव्हतं. बांबू दवाने ओला होता. तिरडी निम्मी आत गेली आणि टेकू सटकला. दार आधी अनुरागच्या पाठीवर आलं आणि तिथून घसरून भानुमतीबाईंच्या पायांवर पडलं.

आम्ही बायका गेटपाशी उभ्या होतो. अनुराग खाली वाकला आणि आईचे पाय चाचपून बघायला लागला, लागलं का म्हणून. तेव्हा कुणी रडलं नाही. कुणाला काही करताच आलं नाही.

हे घरी आले, आंघोळ केली, पण पानावर बसले नाहीत. "मी मेकॅनिकलचा माणूस आहे अलका," एवढंच म्हणाले.

फेब्रुवारीत यांची भूक गेली, मग डोळे पिवळे झाले. तपासण्या झाल्या. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. भला माणूस होता, माझ्याशी बोलताना घड्याळाकडे बघत नव्हता. "जून तक, मैडम. उसके आगे मैं नहीं कहूँगा." मी मान हलवली आणि थँक्यू म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक. सवय.

घरी आल्यावर यांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"पुढची थंडी तरी नक्की बघाल म्हणाले."

"पुढची थंडी. म्हणजे जानेवारी धरायचा."

"धरा."

इंजिनिअर माणसाला आकडा दिला की तो तो वापरतो, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

दुसऱ्याच दिवशी यांनी व्हॅन आमच्या पार्किंगमध्ये आणवली आणि आमचा बाथरूममधला वजनकाटा खाली नेला. दाराच्या कडेखाली काठी, काठीखाली काटा, आणि हे शाल पांघरून खुर्चीवर. शेजारच्या शर्मांनी विचारलं, "भाईसाब, गाड़ी डाएटिंग कर रही है?" हे मनापासून हसले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

वर येऊन मला म्हणाले, "नवे शॉकर आणायचे. विश्वासला सुट्टी नाही, मला करोल बागचे जिने झेपायचे नाहीत. तू जा. आता मेट्रो आहे." मग कागदावर नळीची लांबी लिहिली, टोकांचं चित्र काढलं आणि खाली दोन आकडे घातले: सहाशे, सातशे. "हा त्याचा जोर. दुकानदाराला विचार, थंडीत किती उतरतो. थंडीत गॅस आकसतो. जानेवारीत टिकला पाहिजे, बाकी वर्षभराचं मला काही नाही."

"मला काय कळतं त्यातलं?"

"तुला कळायलाच हवं. दार तूच लावणार आहेस." हे माझ्याकडे न बघता कागदाची घडी घालत होते. "तुम्ही बायका गेटपर्यंतच येता. तर दार तू लाव. विश्वास आपटतो."

मी कणकेचा हात धुवायला उठले. मळलेली कणीक तशीच राहिली, संध्याकाळी तिचे धपाटे केले.

करोल बागेत गाड्यांच्या सामानाची अख्खी गल्ली आहे. आरसे, हॉर्न, सीटकव्हरं, मधूनच एखादी बाई साडीच्या दुकानात जाताना वाट चुकलेली. मीही तशीच वाटत असणार. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या लालाजींनी कागद चष्म्याजवळ नेऊन वाचला आणि दोन जोड्या काउंटरवर ठेवल्या. दिसायला सारख्याच. एकीवर सहाशे, एकीवर सातशे.

"तकलीफ़ कब होती है? सर्दी में?"

"हां जी. जनवरी में गिर गया."

"तो सात सौ. सर्दी में थोड़ा बैठेगा, तब भी दरवाज़ा उठाए रखेगा." मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणजे फार नाही बघावं लागत, मी चार फूट अकरा इंच आहे. "पर बंद कौन करेगा?"

"मैं."

"आप." लालाजींनी सातशेची जोडी हाताने मागे सारली. "बहनजी, गर्मी में गैस फूलती है. मई-जून में ये सात सौ वाला आपसे नहीं झुकेगा, उल्टा आपको टाँग देगा. आप छह सौ ले जाओ. जनवरी में कोई पकड़ लेगा."

मी दोन्ही हातांत एकेक नळी घेतली. बरी जड होती. डाव्या हातात जून होता, उजव्या हातात जानेवारी. सहाशेवाली नेली तर मला दार लावता येणार होतं. पण हे विचारणार, सहाशे का? आणि मी काय सांगणार? लाला म्हणाला उन्हाळ्यात जड जातं, असं? उन्हाळ्याशी आपला काय संबंध, असं विचारतील आणि माझ्या तोंडाकडे बघतील. एकोणतीस वर्षांत या माणसापुढे मला साधा दुधाचा हिशोबही लपवता आलेला नव्हता. एकच खोटं पचलं होतं, तेही हे बरे नव्हते म्हणून.

"सात सौ दे दीजिए," मी म्हटलं.

"सोच लो."

"सोच लिया."

परतीच्या मेट्रोत बसायला जागा मिळाली. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन नळ्या. शेजारची कॉलेजातली मुलगी म्हणाली, "आंटी, कर्टन रॉड?" मी हो म्हटलं.

मार्चच्या पहिल्या रविवारी विश्वासने शॉकर बसवले. सकाळी गारवा होता. दार सुळकन वर गेलं आणि तिथेच राहिलं. यांनी खाली उभं राहून मुद्दाम मोठ्याने टाळी वाजवली, दार ढिम्म. मग जुन्या सीटबेल्टचा एक पट्टा दाराच्या आतल्या बाजूला बांधला, माझ्या हाताला येईल असा. "ओढ." मी दोन्ही हातांनी ओढलं, कमरेतून वाकले, दार आलं. बंद होताना दाबून लावलं.

"जमतंय की," हे म्हणाले. "थंडीत तर याहून हलकं जाईल तुला."

"वहिनी, तुमची नेमणूक झाली मंडळात," विश्वास म्हणाला. "पद आजीव आहे."

"गप रे," हे म्हणाले, पण खूश होते. मीही हसले. माझं खोटं अजून उभं होतं, मघाच्या त्या दारासारखं.

एप्रिलमध्ये यांचा कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला, मग पायजमेच उरले. मे लागला तसं पंख्याखालचं पाणीही गरम व्हायला लागलं. एका रविवारी विश्वास आला आणि हे म्हणाले, मला जरा खाली ने, व्हॅन बघायची आहे. मला म्हणाले, "तू तोवर कोथिंबीर आण. आज कोथिंबिरीची वडी खावीशी वाटतेय." मेच्या उन्हात कोथिंबीर कसली मिळते. तीन ठेले हिंडून पिवळी पडलेली जुडी घेऊन आले तर हे परत पलंगावर होते, दमलेले. वडी केली. यांनी एक तुकडा तोंडात घालून बराच वेळ तसाच ठेवला.

जानेवारीबद्दल आम्ही बोलत होतो. स्वरूपा जानेवारीत येईल, गाजरं स्वस्त होतील. "हलवा करू," मी म्हणायची. "कर की," हे म्हणायचे.

नऊ जूनला सकाळी अकराला हे गेले. स्वरूपा आठवडाभर आधीच आली होती, मीच बोलावून घेतलं होतं. दुपारी एकला खाली आणलं. बाहेर चव्वेचाळीस होतं. खांद्याला विश्वास, गार्ड, मंडळाचे शहात्तर वर्षांचे अध्यक्ष तात्यासाहेब, आणि चौथं माणूस नव्हतं म्हणून स्वरूपा. तिला कुणी नको म्हटलं नाही. नको म्हणायलाही माणसं लागतात.

विश्वासने कडी फिरवली आणि दार असं उसळलं की तात्यासाहेब एक पाऊल मागे सरले. चौघांनीही सवयीने एकदा वर बघितलं. दार हललं नाही. तिरडी सरळ आत गेली, कशालाही न लागता. मग सगळे बाजूला झाले आणि माझ्याकडे बघायला लागले.

मी पट्टा धरला आणि ओढला. काही नाही. पुन्हा ओढला, वजन टाकून. मी बेचाळीस किलोची आहे. शेवटी पाय उचलले आणि लोंबकळले, दोरीवर वाळत घातलेल्या गाउनसारखी. दार तेवढंच वर. लालाजी खरं बोलले होते. मी अनवाणी होते आणि खालचं डांबर चटकत होतं, त्यामुळे लोंबकळणं त्यातल्या त्यात बरं वाटत होतं, असं सांगितलं तर लोक काय म्हणतील.

गेटपाशी बायका उभ्या होत्या. कुणीतरी तोंडाला पदर लावला. यांनी माझ्याकडे एक काम दिलं होतं, एकच, आणि ते माझ्या खोटेपणामुळे माझ्या हातून होत नव्हतं.

"विश्वास," मी म्हटलं, "तुम्हीच ओढा."

"नाही वहिनी. भाऊंनी शपथ घातलीय, कुणी हात लावायचा नाही." तो पुढे आला. पट्टा वर जिथे बांधला होता तिथे त्याची आणखी एक गुंडाळी होती, काळ्या दोऱ्याने टाचलेली. मी ती गाठ समजत होते. विश्वासने दोरा तोडला, गुंडाळी सुटली आणि दुसरा एक पट्टा खाली आला, थेट माझ्या गुडघ्यापर्यंत. त्याच्या टोकाला शिवून केलेलं एक कडं होतं, पाऊल जाईल एवढं.

"यात पाय घालून उभ्या राहा. हाताने वरचा धरा."

"हे कधी केलं?"

"मेमध्ये. तुम्हाला कोथिंबिरीला पाठवलं होतं ना, तेव्हा. म्हणाले, हाताने नाही यायचं, अंग टाकावं लागेल. जूनमध्ये जड जाईल तिला."

"जून म्हणाले?"

"हो वहिनी. जूनच म्हणाले."

मी पाय घातला. वरचा पट्टा धरून अंग खाली टाकलं, एक धक्का दिला, दुसरा दिला. शॉकरमधून लांब सुस्कारा आल्यासारखा आवाज झाला आणि दार माझ्यासकट खाली यायला लागलं. कमरेशी आल्यावर मी पाय सोडवला आणि दोन्ही तळव्यांनी ते दाबून लावलं. आपटलं नाही.

स्वरूपा पुढे तात्यासाहेबांशेजारी बसली. विश्वासने गाडी सुरू केली. पाय घालायचं कडं दारातून बाहेर राहिलं होतं, ते मला दिसत होतं आणि विश्वासला दिसत नव्हतं. मी सांगितलं नाही. वळणापर्यंत ते रस्त्याला टेकत, उडत गेलं.